ज्याचा त्याचा समुद्र

एका राज्यात घरांना समुद्राकडे खिडक्या नव्हत्या. किनारा लांबलचक, वाळू पांढरी, पाणी निळेशार. पण लोक त्या पाण्याकडे पाठ करून बसत. कोळी होडीत चढत तेही मान खाली घालून, जाळे टाकत तेही डोळे मिटून. आणि त्या राज्यात कुणाला स्वस्थता म्हणून नव्हती. बसलेला माणूस उठे, उठलेला येरझारा घाली. बाजारात बोलता बोलता लोक अर्ध्यावर थांबत, जणू ओठांवर आलेले काही गिळून टाकत. कारण प्रत्येकाने कधी ना कधी समुद्रात काही पाहिले होते, आणि कुणीही ते कुणाला सांगितले नव्हते.

त्या राज्याचा राजा अरिंजय. तरुण, न्यायी, पण त्याचेही मन थाऱ्यावर नसे. त्याचा विवाह दूरच्या डोंगरी देशातल्या राजकन्येशी झाला. तिचे नाव शिलावती. तिने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. लग्नाची मिरवणूक घाट उतरून किनाऱ्याने निघाली, तेव्हा सगळ्यांच्या माना खाली होत्या. एकटी शिलावती पालखीचा पडदा सारून पाहत होती. अचानक ती टाळी वाजवून म्हणाली, "तो पाहा! केवढा थोरला मासा! पाठ की काळा डोंगर! आणि डोक्यातून कारंजं उडतंय!"

वाजंत्री थांबली. भोई थांबले. कुणी वर पाहिले नाही.

राजा घोड्यावरून उतरून पालखीपाशी आला. हलकेच म्हणाला, "राणी, शब्द मागे घ्या."

"का महाराज? तो तिथे आहे."

"मला तिथे नुसतं पाणी दिसतं."

"मला नुसतं पाणी दिसत नाही."

राजाचा चेहरा उतरला. त्या राज्याचा कायदाच तसा होता. समुद्रात काही दिसले असे कुणी म्हणू नये. म्हणेल त्याने शब्द मागे घ्यावा, नाही तर राज्य सोडावे. शंभर जणांदेखत राणी बोलली होती. कायदा सर्वांना एकच.

राजवाड्यात आल्यावर राजाने तिला सारी हकीगत सांगितली.

"माझ्या आजोबांच्या काळी इथे देवमासे येत, चोचीसारख्या लांब तोंडाचे गादे मासे कळपाने उड्या मारत खाडीपर्यंत येत. ज्याला देवमासा दिसे तो शंख फुंकी. पुढच्या गावाने तो ऐकावा, त्याने आपला फुंकावा. असा नाद किनाऱ्याने धावे. कोळी जाळी आवरत, होड्या वाट सोडत, आणि देवमासा निर्धास्त पुढे जाई. आजोबांना त्याचं मोठं कौतुक. त्यांनी दवंडी पिटवली, जो आधी पाहील त्याला सोन्याचं कडं. तिथे घात झाला. कड्यासाठी लोक न पाहताच शंख फुंकू लागले."

"मग?"

"पूर्वेच्या भूशिरावर धूम्रा नावाची मायावी बाई राहते. तिच्या मुलीला जमिनीवर करमत नव्हतं. तिने समुद्र मागितला, म्हणून धूम्रेने तिला देवमासा करून पाण्यात सोडलं. एके दिवशी ती आपलं पिल्लू घेऊन आईला भेटायला आली. चहूकडून खोटे शंख वाजले. होड्या वाटेल तशा धावल्या. ती भेदरली, खाडीत शिरली. ओहोटी लागली आणि ती चिखलात रुतली. ज्यांनी तिला तिथे पाहिलं त्यांनी जीव तोडून शंख फुंकले, पण त्यांच्यावर कोण विश्वास ठेवणार? संध्याकाळपर्यंत ती मेली. पिल्लू बाहेरच्या पाण्यात राहिलं."

"आणि धूम्रा?" शिलावती म्हणाली.

"धूम्रेने खाडीच्या काठी उभं राहून शाप दिला. 'न पाहिलेलं पाहिलं म्हणालात. आता या राज्यात समुद्रातला जीव एका वेळी एकालाच दिसेल. शेजारी उभा असेल त्याला तो दिसणार नाही.' तेव्हापासून भाऊ भावाला खोटारडा म्हणू लागला. किनाऱ्यावर डोकी फुटली. अखेर माझ्या वडिलांनी हा कायदा केला. डोकी फुटायची थांबली."

"आणि झोप?" शिलावतीने विचारले.

 राजा उठून येरझारा घालू लागला.

"महाराज, मी शब्द मागे घेणार नाही. शाप आहे तिथे उतारा असतो. मला मुदत द्या."

राजाने फाल्गुनी पौर्णिमेपर्यंत मुदत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्याच्या गच्चीवर एक कुरव येऊन बसला. कुरव म्हणजे समुद्रावरचा पांढरा पक्षी. हा फार म्हातारा होता आणि त्याला माणसाची भाषा येत होती. शिलावतीला पाहून तो म्हणाला, "डोंगरातली राणी, तू मोठ्याने बोललीस. पुष्कळ वर्षांनी कुणी बोललं."

"धूम्रा कुठे भेटेल?"

"मी उडेन तिकडे चाल. मागे वळू नकोस, वळलीस तर वाट समुद्रात शिरते."

कुरव उडाला, राणी चालली. वाट तिच्या मागे खरोखरच एकेक पाऊल पाण्यात जात होती. भूशिराच्या टोकाला, जिथे वारा कधीच थांबत नाही तिथे, धूम्रा उभी होती. तिचे केस धुरासारखे सतत हलत. तीही बसलेली नव्हती. खडकाच्या कडेकडेने ती फेऱ्या घालत होती आणि तिच्या पायांनी खडकात चाकोरी पडली होती.

"कोण तू?"

"राजा अरिंजयाची राणी. मी देवमासा पाहिला."

धूम्रेचे पाय थांबले. "कसा होता?"

"काळा. डाव्या अंगाला पांढरा डाग, केवड्याच्या पानासारखा लांब."

धूम्रेने तोंड फिरवले. ती म्हणाली, "ते माझ्या लेकीचं पिल्लू, माझी नात. आता मोठी झाली असेल."

"तुम्ही पाहिलं नाही तिला?"

"मीही याच राज्यात राहते. शाप सर्वांना एकच. रोज पाहते, रोज पाणीच दिसतं. ती माझ्या वाट्याला कधी आलीच नाही."

"मग शाप मागे घ्या."

"देणं माझ्या हाती होतं. घेणं नाही. ज्यांनी मोडलं त्यांनीच सांधावं. तीन कामं आहेत. तिन्ही झाली तर शाप उतरेल. एक जरी फसलं, तर तू माझी मुलगी होऊन इथे राहशील, आणि जमिनीवरचं तुला काही आठवणार नाही. बोल."

"कबूल."

"तर पहिलं काम. तिचा श्वास मला आणून दे."

राणी कोळीवाड्यात गेली. समुद्रात तिला न्यायला कुणी तयार होईना. शेवटी वेणाई नावाची एक कोळीण पुढे आली. तिचा नवरा तांडेल होता, स्वतःची होडी चालवी. एकदा समोर देवमासा आहे असे नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, बसलेला गडी ओरडला. तांडेलाला मोकळे पाणी दिसत होते. त्याने सुकाणू फिरवले नाही. होडीच्या चिंधड्या झाल्या. गडी वाचला, तांडेल नाही.

"राणीबाई, मी वल्हवीन," वेणाई म्हणाली. "तुम्ही सांगाल तशी वल्हवीन. तो एक शब्द ऐकता तर आज घरात असता."

दोघी पहाटे निघाल्या. वारा पडत नव्हता, होडी नुसती नाचत होती. भूशिराच्या पुढे गेल्यावर राणीला तो पांढरा डाग दिसला. वेणाईला दिसले ते पाणी.

"उजवीकडे."

वेणाईने उजवीकडे घेतली.

"आता हळू. आता थांब. वेणाई, ती अगदी तुझ्या वल्ह्याखाली आहे. वल्हं उचल."

 समोर काही नव्हते. होडीखाली काही नव्हते. तिचे मन म्हणत होते, मार वल्हे आणि नीघ. तिने वल्हे उचलून मांडीवर धरले आणि डोळे मिटून घेतले. होडी एखाद्या थोर पाठीवर ठेवावी तशी अलगद वर उचलली गेली, तशीच खाली आली. मग मोठा फूत्कार झाला. राणीने पदर पसरला. तो चिंब भिजला.

"अगं बाई गं," वेणाई नाक दाबून ओरडली, "हा कसला कुजका वास!"

"तिच्या श्वासाचा," राणी म्हणाली, आणि दोघी किती तरी वेळ हसत राहिल्या.

धूम्रेला मात्र हसू आले नाही. तिने तो ओला पदर दोन्ही हातांनी तोंडाशी धरला आणि खोल श्वास घेतला. पदर सुकेपर्यंत तिने तो सोडला नाही. मग म्हणाली, "दुसरं काम. खोट्या शंखाचं कडं ज्याला पहिल्यांदा मिळालं, त्याने पुढे भीतीने ते समुद्रात फेकलं. ते एका गाद्याच्या चोचीत अडकलं आहे. सोनं शापित आहे. दर अमावस्येला ते आवळत जातं. आता त्याला तोंड उघडता येत नाही. ते कडं काढून आण."

राणी पुन्हा वेणाईकडे आली. "पण मला गादे कधी दिसलेच नाहीत," ती म्हणाली.

वेणाई खाली बसली, पुन्हा उठली. पदराचे टोक चावत म्हणाली, "मला दिसतात. नवरा गेला तेव्हापासून रोज दिसतात. दुपारी खडपाच्या, त्या पाण्यातल्या खडकांच्या, आड येतात. त्यात एकाचं तोंड बांधल्यासारखं आहे. मी कुणाला बोलले नाही."

"मला बोललीस."

दुपारी दोघी खडपाजवळ गेल्या. ऊन पाण्यावर चुरचुरत होते. वेणाई बोट दाखवू लागली, राणी पाहू लागली. पाणी आणि पाणी.

"आले. चार, पाच... कळप आहे. तो मागे राहिलाय. वाळलाय पार. राणीबाई, हात घाला. अजून खाली. थोडा पुढे."

राणीने खांद्यापर्यंत हात रिकाम्या पाण्यात घातला. तिला वाटले, आपण वेड्यासारखे दिसत असू. मग बोटांना गुळगुळीत, ऊबदार कातडी लागली. तिने दचकून हात मागे घेतला.

"घाबरू नका, तो थांबलाय. तुमच्याकडे बघतोय."

राणीने पुन्हा हात घातला. कडे मांसात रुतले होते. ती ओढू लागली तसे ते आणखी आवळू लागले आणि त्यातून कुजबुज येऊ लागली, 'मला ठेव. मी तुझं. तू आधी पाहिलंस म्हण.' राणी म्हणाली, "मी काहीच पाहिलं नाही. वेणाईने पाहिलं." ते ऐकताच कडे सैल पडले आणि तिच्या हातात आले. वेणाई पुढे झुकून पाण्याशी काही तरी बोलत होती. "खा रे बाळा, आता खा," असे ती म्हणत होती.

धूम्रेने कडे घेतले, खडकावर आपटले. त्याची राख झाली. वाऱ्याने ती नेली.

"तिसरं काम," ती म्हणाली. "राजासह सगळी प्रजा किनाऱ्यावर आण. सर्वांनी समुद्राकडे तोंड करावं. ज्याला जे दिसेल तेवढंच त्याने सांगावं. आणि राजाने सर्वांच्या शेवटी बोलावं. मी तिथे असेन."

हे काम सोपे वाटले, पण तेच अवघड होते. राजाने कायदा एका दिवसापुरता बाजूला ठेवला आणि दवंडी पिटवली. फाल्गुनी पौर्णिमेच्या सकाळी किनारा माणसांनी भरून गेला. सारे समुद्राकडे पाठ करून उभे होते. राणी म्हणाली, "वळा." कुणी हलले नाही. तेव्हा वेणाई वळली. तिच्या शेजारची वळली. मग वाळूत पाय घासल्याचा मोठा आवाज झाला आणि सारी प्रजा वळली.

 एक आंबील विकणारी म्हातारी चाचरत म्हणाली, "मला कासव दिसतंय."

कुणी तिला खोटारडी म्हटले नाही.

"मला माशांचा थवा, चांदीसारखा," एक सुतार म्हणाला.

"मला गाद्याची शेपटी," एक पहारेकरी म्हणाला, आणि एवढा दांडगा गडी रडू लागला. वेणाई म्हणाली, "मला तोंड मोकळं झालेला गादा. उड्या मारतोय." मग बांध फुटावा तसे झाले. जो तो सांगू लागला. बोलणाऱ्याचे खांदे सैल पडत, ऐकणारा मान हलवी.

राणी पुढे आली. "मला देवमासा दिसतो. भूशिराच्या अलीकडे, खडकाच्या उजव्या हाताला."

तेव्हा राज्याचा प्रधान सुमंत्रसेन, ज्याला शाप लौकर उतरावा अशी सर्वांहून अधिक घाई होती, तो हात उंचावून ओरडला, "मलाही दिसला! राणीसाहेब म्हणतात तसाच!"

"मलाही!" मागून कुणी म्हणाले.

"मलाही! मलाही!" सारा किनारा ओरडू लागला.

समुद्र शाईसारखा काळा झाला. लाट फुटेना, फेस तेवढा वाळूवर चढू लागला. तो राणीच्या घोट्यांना लागला. तिने वळून राजाकडे पाहिले, आणि तिच्या नजरेत ओळख नव्हती.

"आपण कोण?" तिने विचारले.

 गर्दीत उभी धूम्रा म्हणाली, "राजा, तुझी पाळी. तुला काय दिसतं?"

प्रधान राजाच्या कानाशी लागला. "महाराज, होय म्हणा. एका शब्दाने राणीसाहेब वाचतील."

फेस राणीच्या गुडघ्यांपर्यंत आला. राजाने समुद्राकडे पाहिले. डोळे दुखेपर्यंत पाहिले. त्याला दिसावे म्हणून त्याने काय दिले नसते!

"मला देवमासा दिसत नाही," तो म्हणाला. "मला पाणी दिसतं."

किनाऱ्यावर हाय हाय झाली.

"पण ही म्हणते तो आहे," राजा पुढे म्हणाला.  "म्हणून तो आहे. मला दिसत नाही, एवढंच."

मग तो फेसात उतरला, राणीजवळ गेला आणि परक्या बाईशी बोलावे तसे आदराने म्हणाला, "बाई, मी कोण ते राहू द्या. तो कुठे आहे, तेवढं दाखवा."

राणीला राजा आठवत नव्हता, डोंगर आठवत नव्हते. पण समोरचे दिसत होते. तिने बोट केले. राजा तिच्या बोटाच्या रोखाने रिकाम्या पाण्याकडे पाहत उभा राहिला.

प्रधान मान खाली घालून म्हणाला, "मलाही दिसला नव्हता." मागून आवाज आले, "मलाही नाही." "मीही उगाच बोललो." आणि मग, कुणी न सांगता, सारी प्रजा त्या एका बोटाच्या रोखाने पाहू लागली. कुणाला काही दिसत नव्हते. तरी कुणी नजर काढली नाही.

पाणी हलले. काळी पाठ वर आली, आणखी वर आली, डाव्या अंगाचा डाग उन्हात लखलखला, आणि फूत्काराचा फवारा उंच उडाला.

"आऽऽ!" सारा किनारा एका तोंडाने म्हणाला.

फेस ओसरला. समुद्र निळा झाला. राणीने राजाचा हात धरला. "महाराज, दिसला?"

"दिसला," राजा म्हणाला. "दिसला."

धूम्रा कमरेइतक्या पाण्यात गेली होती. तिचे केस प्रथमच स्थिर होते. देवमाशीण तिच्यापर्यंत आली, अंग वळवून एका डोळ्याने तिच्याकडे पाहत राहिली, आणि धूम्रेने तिच्या गालावर हात ठेवला. पुष्कळ वेळाने देवमाशीण खोल पाण्यात गेली. धूम्रा परत फिरली ती वाळूत येऊन बसली. ती बसली, हे पाहून लोकही बसले.

"तिचं सारं बालपण मला हुकलं," ती म्हणाली.

 मग आंबीलवाली म्हातारी पुढे सरकली. "मी तिला पाहिलं होतं," ती म्हणाली. "तिची आई गेली त्याच वर्षी. एवढीशी होती. खाडीच्या तोंडाशी घुटमळायची. मी रोज जायची, लांबूनच बसायची."

"मी पाहिलं त्या साली ती होडीएवढी होती," सुतार म्हणाला. "पावसाळ्यानंतर आली. अंगाला जाळं गुंडाळलेलं होतं. दुसऱ्या दिवशी ते सुटलेलं दिसलं."

"ते मी कापलं," मागून एक कोळी म्हणाला. "मला वाटलं, स्वप्न पडलं."

"ती गाद्यांबरोबर खेळायची."

"एकदा तिने सूर्य बुडताना उडी घेतली. पूर्ण बाहेर. मी आजवर कुणाला सांगितलं नाही."

एकेकाने आपापला तुकडा आणला. एकाचे संपे तिथे दुसऱ्याचे सुरू होई. धूम्रा ऐकत होती, मध्येच विचारत होती, 'मग? पुढे?' दुपार झाली, ऊन कलले, तरी कुणी घरी जायला उठले नाही. राजा आणि राणीही वाळूत बसून ऐकत होते. त्या राज्यात इतका वेळ एका जागी कुणी बसल्याचे कुणाला आठवत नव्हते.

पुढे कायदा रद्द झाला, भिंतींना खिडक्या पडल्या, राज्य सुखाने नांदले. ज्याला दिसेल त्याने सांगावे, ज्याला न दिसेल त्याने ऐकावे. ऐकणाऱ्यांचे डोळे निवोत, सांगणाऱ्याची जीभ खरी राहो.